न लागलेल्या कडा

६ जून

अधिष्ठात्यांनी आज खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग माझ्या कारकिर्दीची उजळणी सुरू केली. "मॅडम, सुरुवात तुम्ही गणितात केलीत. तिथून तर्कशास्त्रात आलात. तिथून त्या फलप्रामाण्यवादात गेलात. आता म्हणताय खेळ. पुढे काय, बागकाम?"

मी म्हटलं, "तुम्ही कधीचे एकाच खुर्चीत बसला आहात, सर. म्हणून कुणी हलताना दिसलं की तुम्हाला धास्ती वाटते."

हे बोलायला नको होतं. पण बोलले आणि बरं वाटलं. चहा अर्धा टाकून उठले.

मुद्दा असा, की 'खेळ आणि खरेपणा' हा माझा अभ्यासक्रम आजवर प्रायोगिक म्हणून चालला. तो कायम करायचा की बंद, हे नोव्हेंबरात विद्या परिषद ठरवणार. मी लवकरच निवृत्त होणार. तो कायम झाला तर माझ्यामागे राहील. नाही झाला तर माझ्या टेबलाचे खण रिकामे करतील आणि इथे कुणी कधी असलं काही शिकवत होतं हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही. मला ते चालणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे नंतर शेपूट घालता येणार नाही: मला ते चालणार नाही.

९ जून

तळघरात प्रमेयशी तीन गेम. दोन माझे, एक त्याचा. अंगात वारं भरल्यासारखं झालंय.

प्रमेय म्हणजे गणित विभागाचा प्रमुख. विद्यार्थी असताना आम्ही एकाच बाकावर बसायचो. डॉक्टरेट झाल्यावर मी गणित सोडलं आणि तत्त्वज्ञानाच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हापासून तो मला 'फितूर' म्हणतो. मी त्याला प्रमेय म्हणते, कारण सिद्ध झाल्याशिवाय तो साधं 'आज उकडतंय' असंही म्हणत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तळघरातल्या पाइपांच्या खोलीत टेबल टेनिस खेळतो. टेबल जुनं आहे, एका कोपऱ्याचा टवका उडालाय, पण नेट ताठ आहे.

मी लिहिते आहे ते सगळं पुस्तक या टेबलावर उभं आहे, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. मारलेला चेंडू कधी कधी टेबलाच्या कडेला जेमतेम घासून खाली जातो. त्याला आम्ही 'एज' म्हणतो. तो परतवणं अशक्य, पॉइंट मारणाऱ्याचा. अशा वेळी मारणाऱ्याने हात वर करून माफी मागायची असते, आणि सगळ्यांना माहीत असतं की त्याला काडीचंही वाईट वाटलेलं नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. आमच्याकडे पंच नाही. कड लागली की चेंडू तसाच बाहेर गेला, हे फक्त त्या बाजूच्या खेळाडूला दिसतं. म्हणजे ज्याचा तोटा होणार, तोच एकटा साक्षीदार. आणि तरी तो सांगतो. प्रमेय मुकाट्यानं बोट दाखवतो, "एज. तुझा."

दोन वर्षं मी हे टिपत आले आहे. त्यात एक थक्क करणारी गोष्ट सापडली. गेममागे जवळजवळ एक. आज तीन गेममध्ये तीन, काल दोनमध्ये दोन, मागच्या महिन्यातही तसंच. न चुकता. माणसाचा खरेपणा इतका नियमित असू शकतो! परिषदेपुढे मी हेच ठेवणार. उपदेश नाही, आकडे. गणितातून पळाली म्हणतात ना मला? मग बघा म्हणावं.

१८ जून

धाकटीशी भांडण. धाकटी म्हणजे माझी बहीण. खालच्या मजल्यावर तिचं शिवणकाम चालतं, वरच्या मजल्यावर आम्ही दोघी राहतो. कापायच्या टेबलावर निळं कापड पसरून तिनं खडूनं रेघ मारली होती. मी म्हटलं, "अगं, वाकडी आलीय. मध्ये पोट आलंय तिला."

"ताई, पट्टी लावून मारलीय."

"पट्टी वाकडी असेल."

"पट्टी लोखंडी आहे!" तिनं पट्टी माझ्या नाकासमोर धरली. तीसुद्धा मला जरा वाकलेलीच वाटली, पण आणखी वाद नको म्हणून गप्प बसले. स्वस्तातली घेतली असणार.

३ जुलै

प्रमेयला पुस्तकातलं आकड्यांचं प्रकरण वाचायला दिलं होतं. आज खेळायच्या आधीच परत दिलं. त्याचा चेहरा परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडलेल्या मुलासारखा होता.

"बाकी चांगलं आहे," म्हणाला. "ते आकडे काढ."

"का?"

"नमुना लहान आहे."

"दोन वर्षांचे गेम लहान?"

"एकच टेबल. एकच माणूस. त्या माणसात काही दोष असला तर?"

"तुझ्यात दोष आहेत, ते मला ठाऊक आहेत. पण एज सांगण्यात तुझा हात कुणी धरू शकणार नाही."

त्यानं बॅट उचलून परत खाली ठेवली. मग पुन्हा म्हणाला, "फितूर, माझं ऐक. ते आकडे तिथे नेऊ नकोस."

आता मला कळलं. मी चिंतन करत बसले तोवर साहेबांना चालत होतं. आकड्यांना हात लावला की लगेच नाकाला मिरच्या झोंबल्या. ही त्यांच्या विभागाची जहागीर ना! मी सरळ सांगितलं, आकडे राहतील. त्यानं खांदे पाडले आणि सर्व्हिस केली. आज अगदीच वाईट खेळला.

संध्याकाळी बसथांब्यापर्यंत सोबत आला. हल्ली रोज येतो, त्याचं घर उलट्या दिशेला असूनही. आणि नेहमी माझ्या उजव्या बाजूनं चालतो. मी डावीकडे सरकले की वळसा घालून पुन्हा उजवीकडे. म्हाताऱ्या माणसांना एकेक खोड लागते.

२९ जुलै

आज डावरीला तळघरात नेलं. डावरी ही माझी संशोधक विद्यार्थिनी. डाव्या हातानं खेळते, कॉलेजात असताना टेबल टेनिसच्या संघाची कप्तान होती. माझ्याकडे आली ती खेळातल्या फसवणुकीवर प्रबंध लिहायला. अभ्यासक्रम बंद झाला तर तिचा प्रबंधही अधांतरी लटकणार, म्हणून नोव्हेंबराची काळजी तिलाही आहे. तिनं आमचा एक गेम बघावा आणि टिपणं काढावीत, अशी माझी इच्छा होती.

गेम बरोबरीत असताना मी एक सणसणीत फोरहँड मारला. प्रमेयनं बोट दाखवलं. "एज. तुझा."

मी हात वर केला. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "नाही सर. बाहेर."

"एज होती," प्रमेय म्हणाला.

"सर, मी इथंच उभी आहे. टेबलापासून वीतभर लांबून गेला."

एखाद्या शिक्षकानं वर्गात बघावं, तसं प्रमेयनं तिच्याकडे बघितलं. ती गोंधळली. मला मात्र रागच आला. मी तिला तिथल्या तिथे समजावलं, की आमच्या टेबलावर खेळाडूचा शब्द शेवटचा असतो, बघ्यांचा नाही, आणि आपला तोटा करून घेणाऱ्या माणसावर शंका घेणं म्हणजे खेळ न कळणं. ती "सॉरी, मॅडम" म्हणाली आणि पुढचा सगळा वेळ माझ्याकडे बघत बसली. गेमकडे नाही.

हुशार मुलगी, पण नजर अजून तयार व्हायची आहे.

१३ ऑगस्ट

छपाई विभागाची तक्रार केली. माझ्या टिपणांच्या प्रती इतक्या वाईट काढल्या होत्या, की ओळींच्या मधली अक्षरं गायब. वर्गात कागद बाजूला ठेवले आणि तोंडपाठ बोलले. एकाने विचारलं, "फलप्रामाण्यवाद म्हणजे जे चाललं ते खरं, असंच ना?"

"असंच असतं तर प्रत्येक यशस्वी चोर तत्त्वज्ञ झाला असता," मी म्हटलं. वर्ग हसला. "एखादा विचार खरा की खोटा हे तो जगून काय होतं त्यावरून ठरतं. पण नुसतं आज, नुसतं मला, एवढं बघून नाही. सगळ्यांना, सगळं माहीत असताना, वारंवार. तेव्हाही टिकला तर बोला."

चांगलं झालं व्याख्यान. कागद न मिळाल्याचा फायदाच झाला म्हणायचा.

४ सप्टेंबर

धाकटीनं आज मला अक्षरशः हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. निमित्त चहाचं. मी कपात ओतला आणि तो सगळा बशीत आणि टेबलक्लॉथवर. "ताई, आता एक शब्द बोलू नकोस, चप्पल घाल."

डॉक्टर तरुण आहे, बोलण्यात ठाम. तिनं माझ्या हातात चौकटींचा एक कागद दिला, आलेखाच्या वहीत असतात तशा चौकटी, मधोमध एक टिंब. एक डोळा झाकून टिंबाकडे बघा म्हणाली.

आयुष्यभर मी असल्या कागदांवर रेषा काढल्या आहेत. या कागदावरच्या रेषा वाकल्या होत्या. पाण्यात पडल्यासारख्या. टिंबाच्या जागी राखाडी डाग होता.

"हा कागद वाकडा छापलाय," मी म्हटलं.

"दुसऱ्या डोळ्यानं बघा."

तिथेही वाकड्या, पण जरा कमी. डॉक्टरनं समजावलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला इजा झाली आहे, उजव्याला जास्त. एकदम झालेलं नाही, दोनेक वर्षं तरी चाललं असणार. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. बाजूचं दिसत राहील, मधलं जाईल.

धाकटी घरी येईपर्यंत रडत होती. मी तिला म्हटलं, "सरळ रेषा तशीही कुणी पाहिलेली नसते. ती कल्पनाच आहे." तिनं रुमाल खाली घेतला आणि म्हणाली, "ताई, तू गप बस."

भीती वाटते आहे. लिहून टाकते आणि पान उलटते.

५ सप्टेंबर

मग कडेजवळचे चेंडू मला दिसत तरी होते का?

नव्हते. तो सांगत होता.

डावरी बरोबर होती. चेंडू वीतभर बाहेर गेला होता.

८ सप्टेंबर

दोन दिवस गेले नाही. आज मुद्दाम सुट्टीच्या आधी खाली जाऊन बसले. प्रमेय बॅट घेऊन आला, मला बघून दारातच थांबला.

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"एज. खोट्या किती?"

तो पाइपांवरच्या फळीवर बसला. रुमालानं बॅट पुसत राहिला. बॅट स्वच्छ होती. "बऱ्याचशा," म्हणाला.

"कधीपासून?"

"तू कॉरिडॉरमध्ये समोरून आलीस आणि मला 'नमस्कार सर' म्हणालीस. तेव्हापासून."

मला ते आठवतही नव्हतं. मी म्हटलं, "तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. डोळे दाखव म्हणून तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, चष्म्याचा नंबर आणि माणसाचं वय यांवर बोलायचं नाही." हेही खरं असेल. मी असं बोलू शकते. "तू सारखी हरायला लागली होतीस. हरलीस की खाली यायचीच नाहीस. मला वाटलं, सोडशील."

"सोडलं असतं मग!"

"मग मी कुणाशी खेळलो असतो?"

या प्रश्नाला काही अर्थच नव्हता. त्याच्या विभागात बॅट धरणारे ढिगानं आहेत. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि मला जे खरोखर जिव्हारी लागलं होतं त्याकडे वळले. "आणि गेममागे एक? तो काय प्रकार?"

तो चक्क लाजला. "जास्त दिले असते तर तुला संशय आला असता. मी प्रमाण काढलं होतं. किती एज पडल्या तर विश्वास बसेल, असं."

"अरे गाढवा! खऱ्या एज अशा रांगेत उभ्या राहून येतात का? येतात तेव्हा एका गेममध्ये तीन येतात, नाहीतर महिनाभर एकही नाही. इतकं एकसारखं काही आलं की ते कुणीतरी केलेलं असतं, हे आपण पहिल्या वर्षाला शिकलो!"

"मला वाटलं पहिल्याच महिन्यात पकडशील," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो."

"आणि मी त्याचा सिद्धान्त केला."

आम्ही दोघंही हसलो असतो. मी हसू दिलं नाही स्वतःला. मग त्यानं आपलं शेवटचं शस्त्र काढलं. "तुझ्याच शास्त्रानं बघ ना. चाललं की नाही? तू खेळत होतीस, खूश होतीस, पुस्तक होत आलं होतं. कुणाचं नुकसान झालं?"

"झाकण होतं तोवर चाललं. आज उघडलं आणि बघ, एक मिनिट टिकलं नाही." माझा आवाज फुटला, त्याचा मला अजून राग आहे. "दोन वर्षं मी हात वर करून माफी मागत होते. न लागलेल्या एजची माफी! तू समोर उभा राहून ती घेत होतास. माझ्या डोळ्यांत धूळ तूही फेकायची?"

तो म्हणाला, "चुकलो."

मी वर निघून आले. ज्याच्या शब्दावर मी माणसांचा खरेपणा मोजला, तो एकटा माणूस खोटं बोलत होता. आणि प्रेमळपणानं बोलत होता, हे तर अजिबात सहन होत नाही.

२४ सप्टेंबर

पहिलं इंजेक्शन झालं. वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं, वाटलं होतं त्यापेक्षा जास्त घाबरले. धाकटी बाहेर बसून कुणाच्यातरी ब्लाउजची बटणं लावत होती.

प्रकरण फाडलं. आकडे, तक्ते, सगळं. धाकटी म्हणाली, कागदांची मागची बाजू कोरी आहे, मापं लिहायला दे. दिले.

१० ऑक्टोबर

अधिष्ठात्यांच्या कानावर डोळ्यांचं गेलेलं दिसतं. आज जिन्यात भेटले आणि आवाज एकदम मऊ. "तब्येत सांभाळा, मॅडम. अभ्यासक्रमाचं काय एवढं. सादरीकरण नाही केलंत तरी चालेल. आम्ही सगळे तुमचा आदरच करतो."

जूनमध्ये हेच गृहस्थ मला बागकाम करायला पाठवत होते! तेव्हा मला त्यांचा राग आला होता, पण तो साधा राग होता. आजचा वेगळा आहे. हा तोच राग आहे, जो मला तळघरात आला होता. का येतो तो? यावरच बोलायचं. आकडे गेले तर गेले, राग आहे माझ्याकडे.

डावरीला मजकूर सांगायला घेतला. ती टाइप करते, मी फेऱ्या मारते. मध्येच तिनं विचारलं, "मॅडम, त्या दिवशी मी बरोबर होते ना?"

"होतीस. मी तुला उगाच झापलं."

"मला तेव्हाच कळलं होतं, सर का करतायत ते."

"का करत होता?"

ती कीबोर्डकडे बघत म्हणाली, "जाऊ दे, मॅडम. पुढचं वाक्य सांगा."

११ नोव्हेंबर

आज परिषद झाली. सगळं क्रमानं लिहायचं ठरवून बसले आहे. मोठ्या अक्षरांत, जाड पेननं. कारण बारीक अक्षर आता मलाच सापडत नाही.

लांब टेबल, दोन्ही बाजूंना सदस्य. चेहरे मला मधून पुसल्यासारखे दिसत होते, कान आणि खांदे तेवढे स्पष्ट. प्रमेय खिडकीपाशी होता. खांद्यांवरून ओळखला. सप्टेंबरपासून आम्ही बोललेलो नव्हतो.

मी कागद घेतलाच नव्हता. सांगितलं, की माझ्याकडे दोन वर्षांची निरीक्षणं होती आणि ती सगळी खोटी निघाली. मला नीट दिसत नव्हतं आणि माझा प्रतिस्पर्धी मला पॉइंट बहाल करत होता. कुजबुज झाली. मी पुढे बोलत राहिले. "कुणी आपलं पाकीट मारलं तर राग येतो, ते समजतं. पण कुणी गुपचूप आपल्या पाकिटात नोट सरकवली, तर राग यायचं कारण काय? मला आला. आजवर कशाचा आला नसेल इतका. तुम्हालाही येईल. घरी मुलांशी पत्ते खेळताना मुद्दाम हरून बघा, आणि त्यांना कळू द्या. पाच वर्षांचं पोरसुद्धा पत्ते फेकून देईल. म्हणजे पॉइंट ही नोट नव्हे. तो फुकट मिळाला की त्याचं काहीच उरत नाही. का उरत नाही, हे ना गणित सांगतं ना नीतीचं पुस्तक. ते शोधायचं असेल तर खेळाकडेच जावं लागतं. गणितातून निघून मी इथवर आले ती याचसाठी. मी भटकले नाही. मी एकाच प्रश्नामागे चालले."

तेवढ्यात खिडकीपाशी खुर्ची सरकली. "तो प्रतिस्पर्धी मी," प्रमेय म्हणाला, "आणि ते करायला नको होतं." बसला.

अधिष्ठाते खाकरले. "मॅडम, फार हृद्य बोललात. मला वाटतं, आपण हा विषय पुढील बैठकीपर्यंत विचाराधीन ठेवावा." सगळ्या टेबलावरून सुटकेचे उसासे. माना हलल्या. पुढची बैठक म्हणजे उन्हाळा, मग त्याच्या पुढची, मग मी निवृत्त. कुणालाही मला नाही म्हणावं लागलं नसतं. सगळे किती गोड वागत होते!

"नको," मी म्हटलं. "हीसुद्धा न लागलेली एज आहे, सर. मला दिसत नाही म्हणून देऊ नका. मतदान घ्या. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हणा."

"मॅडम, तुमच्या भल्यासाठीच—"

"माझं भलं मी बघते. तुम्ही हात वर करा."

मतदान झालं. बाजूच्या लोकांचे हात मला दिसत होते, समोरच्यांचे नाही. डावरी टिपणं घ्यायला मागे बसली होती, तिनं नंतर सांगितलं. सगळे हात मोजून झाले तेव्हा बरोबरी होती, आणि प्रमेयचा हात अजून कुठेच गेला नव्हता. अधिष्ठात्यांनी विचारलं, "सर, आपण?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मॅडमचा प्रश्न खरा आहे. पण माझ्या मते हा तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक महिनाभर शिकवायचा विषय आहे, वेगळा अभ्यासक्रम नव्हे. जूनमध्येही माझं हेच मत होतं. मी विरोधात."

एका मतानं गेला.

मला काय वाटलं ते सांगते. आधी वाटलं, हातात बॅट असती तर फेकून मारली असती. मग, कागद गोळा करत असताना, आतून काहीतरी सरळ उभं राहिलं. इतके महिने सगळे मला धरून धरून चालवत होते. त्या खोलीत एकानं मला पुरती मोजली आणि पाडली.

११ नोव्हेंबर, पुन्हा

धाकटीला सांगितलं. ती मशीन थांबवून बघत राहिली. "त्यानं विरोधात मत दिलं? आणि तू हसतेयस?"

"हसत नाहीये."

"आरशात बघ जा."

"आरशात मला मधलं दिसत नाही."

"मग मी सांगते ना. हसतेयस."

१७ नोव्हेंबर

अभ्यासक्रम बंद, खोली काढून घेतली, वेळापत्रकातून नाव गेलं. ठीक आहे. तळघर कुणाच्या वेळापत्रकात नव्हतंच. डावरीनं सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत कागद लावला: 'खेळ आणि खरेपणा. जेवणाच्या सुट्टीत, पाइपांच्या खोलीत. गुण नाहीत, हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही.' दुपारपर्यंत कुणीतरी तो फाडला. तिनं दुसरा लावला. तिच्या प्रबंधाचं काय होणार, विचारलं तर म्हणाली, "मार्गदर्शक तुम्हीच आहात अजून. तुम्ही जाईपर्यंत लिहून काढते. तुम्ही फक्त लवकर लवकर चुका काढा."

१ डिसेंबर

पहिला तास. मुलं पायऱ्यांपर्यंत बसली होती. विषय मांडत असताना मागून ओळखीचा आवाज आला. "मॅडम, न सांगितलेली दया आणि खोटं यांत नेमका फरक काय, याची व्याख्या करता येईल का?" मुलं वळून बघायला लागली. गणिताचे विभागप्रमुख फळीवर बसून पाव खात होते.

"व्याख्या करायची वाईट सवय मी बाटले तेव्हा सोडली," मी म्हटलं. "तुम्ही उदाहरण म्हणून पुढे या."

वर्ग संपल्यावर मुलं गेली. तो राहिला. बॅट कोटाच्या खिशातून डोकावत होती.

"खेळणार?" त्यानं विचारलं.

"तू खेळणार असशील तर."

तो खेळला. देवा, काय खेळला! मला माहीतच नव्हतं त्याच्याकडे असा बॅकहँड आहे. पहिला गेम इतका लवकर गेला की मला घाम यायला वेळ मिळाला नाही. चेंडू मध्यावर आला की नाहीसा व्हायचा. मग मी मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला शिकले, दुसऱ्या गेमच्या मध्यावर दोन पॉइंट असे मिळाले की ते घरी न्यावेसे वाटले. तरी हरतच होते. चिडले होते, शिव्या घालत होते, आणि कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटच्या पॉइंटला त्यानं एक उंच चेंडू दिला, चुकून, मुद्दाम नव्हे. मी सगळा जीव एकवटून मारला. आवाज आला, टेबलाचा की जमिनीचा, कळलं नाही. चेंडू त्याच्या मागे भिंतीपाशी टपटपत गेला.

जुन्या सवयीनं माझा हात अर्धा वर गेला.

"नाही," प्रमेय म्हणाला. "बाहेर. बराच बाहेर."

मी हात खाली घेतला. माफी मागण्यासारखं काही झालंच नव्हतं.

बाहेर पडल्यावर तो वळसा घालून माझ्या उजवीकडे यायला लागला, तर मी त्याला डावीकडे ढकललं. फाटकाजवळची पायरी चुकली माझी, गुडघा आपटला. त्यानं हात पुढे केला नाही. तोंडानं एवढंच म्हणाला, "पुढे आणखी एक आहे."

ती मी बरोबर उतरले. उद्या पुन्हा खेळायचं ठरलंय.